पाळकांच्या घराची काळजी कशी घ्यावी? पुण्यातील मंडळ्यांच्या नव्या कमिटी सदस्यांसाठी

मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वार्षिक सभेत निवडून आलात की पहिल्याच बैठकीत अंदाजपत्रक हातात पडतं. साऊंड सिस्टीम, रंगकाम, वीजबिल, नाताळचा मंडप, शब्बाथशाळेची (मुलांच्या रविवारच्या शाळेची) बक्षिसं, सगळ्यांचे आकडे मांडलेले असतात. पाळकांच्या, म्हणजे पास्टरांच्या, नावापुढे मात्र बहुधा एकच ओळ असते, पगाराची. त्या घरात किती माणसं आहेत, कोणाला कोणतं औषध चालू आहे, मूल कितवीत आहे, निवृत्तीनंतर ती माणसं कुठे राहणार, यातलं काहीच त्या कागदावर नसतं.

मंडळीचं पाळकांवर प्रेम नसतं असं नाही. पण पाळक मागत नाहीत. ज्या पुलपिटावरून दानाविषयी बोलायचं, त्याच्याच पायाशी उभं राहून स्वतःचा थकलेला पगार मागणं फार अवघड असतं. म्हणून जे द्यायचं ते मागण्याची वेळ येण्याआधी ठरलेलं, ठरावाच्या वहीत लिहिलेलं आणि ठरल्या तारखेला पोचणारं असावं. खालची प्रत्येक पायरी याच एका गोष्टीसाठी आहे.

आधी आपली मंडळी कोणत्या प्रकारची, ते पाहा

पुण्यात दोन वेगळ्या जगांतल्या मंडळ्या शेजारी शेजारी आहेत. पंच हौदासारख्या जुन्या, मिशनच्या काळापासूनच्या मंडळ्या बऱ्याचशा चर्च ऑफ नॉर्थ इंडियात, म्हणजे सी.एन.आय.मध्ये आहेत. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात निरनिराळी चर्चेस एकत्र येऊन ही मंडळी स्थापन झाली. मेथडिस्ट आणि इतर पंथांच्या मंडळ्याही आहेत. अशा ठिकाणी सहसा नेमणूक वरून होते, बदली होते, राहायला पार्सोनेज, म्हणजे पाळकांसाठीचं घर, असतं आणि पगाराचे नियम बिशपांच्या कार्यालयाकडून किंवा कॉन्फरन्सकडून (मेथडिस्टांच्या विभागीय परिषदेकडून) येतात. दुसरीकडे पिंपरी, दापोडी, वडगाव शेरी, हडपसर या भागांत भाड्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या स्वतंत्र मंडळ्या आहेत. तिथे पाळक हेच बहुधा संस्थापक असतात. बदली नाही, पार्सोनेज नाही आणि अनेकदा ठरलेला पगारही नाही.

पहिल्या प्रकारात कमिटीचं काम म्हणजे वरून येणाऱ्या नियमांतल्या फटी भरणं. दुसऱ्या प्रकारात नियमच तुम्हाला करायचे आहेत. रोमन कॅथलिक धर्मगुरूंची व्यवस्था याहून वेगळी असते, म्हणून ती इथे घेतलेली नाही.

पायरी १ : तीन जणांचा गट नेमा

संपूर्ण कमिटीने काळजी घ्यायची म्हटलं की ती कोणाचीच जबाबदारी राहत नाही. तीन माणसं नेमा. त्यांत निदान एक स्त्री हवी, कारण पाळकीणबाई, म्हणजे पाळकांच्या पत्नी, आपल्या तब्येतीविषयी किंवा घरखर्चाविषयी पुरुषांच्या कमिटीशी बोलणार नाहीत. एक जण बँक, विमा, कागदपत्रं समजणारा असावा. तिसरा किंवा तिसरी मंडळीतली अनुभवी, पोटात गोष्ट ठेवणारी व्यक्ती असावी. पाळकांचे नातेवाईक नकोत, आणि मंडळीत दोन गट असतील तर कोणत्याही एका गटाची उघड बाजू घेणारेही नकोत.

या गटाने दर दोन महिन्यांनी पाळक आणि पाळकीणबाई यांना तासभर भेटावं. शक्यतो एकदा दोघांना एकत्र, एकदा वेगवेगळं. कमिटीला सांगताना फक्त ‘इतकी रक्कम मंजूर करावी’ किंवा ‘अमुक दुरुस्ती करावी’ एवढंच सांगावं, कारणाचा तपशील देऊ नये. हा गट कामाचं मूल्यमापन करणारा नाही, हे पहिल्या भेटीत स्पष्ट सांगा. ज्या माणसासमोर मन मोकळं केलं तोच पुढच्या महिन्यात प्रवचनावर ताशेरे ओढू लागला, तर पुन्हा कोणी तोंड उघडत नाही.

पायरी २ : पगार आणि खर्च वेगळे करा

बहुतेक मंडळ्यांत सगळ्यात मोठा गोंधळ इथेच असतो. पेट्रोल, मोबाइल, भेटीला जाताना नेलेली फळं, पाहुण्या वक्त्यांचा चहा, हे सगळं पाळक पगारातून भागवतात आणि मग तो पगार कागदावर पुरेसा दिसतो.

पेट्रोलचा हिशेब करून पाहा. खडकीतले पाळक एका दिवसात ससूनमध्ये पेशंटला भेटून हडपसरला गृहप्रार्थना आणि परतताना येरवड्याला एक भेट एवढं करतातच. दिवसाला सरासरी ३० किलोमीटर, महिन्याला २६ दिवस, म्हणजे ७८० किलोमीटर. स्कूटर ४५ चं अ‍ॅव्हरेज देत असेल तर सव्वासतरा लिटरच्या वर पेट्रोल, लिटरला १०४ रुपये धरले तर १,८०० रुपये. सर्व्हिसिंग, टायर आणि गाडीचा विमा महिन्यांवर वाटला की आणखी सहा-सातशे. मंडळीच्या कामासाठी महिन्याला अडीच हजार रुपये घरातून जात असतील, तर तेवढा पगार आपण कमी देतो आहोत. हे अडीच हजार ‘प्रवासखर्च’ म्हणून वेगळे द्या आणि दर एप्रिलमध्ये दर बदलले का ते तपासा.

पगार बँकेतून, महिन्याच्या ५ तारखेच्या आत जमा व्हावा आणि सोबत पगाराची चिठ्ठी द्यावी. मुलांच्या शैक्षणिक कर्जाला, गाडीच्या कर्जाला, भाड्याच्या घराला ती चिठ्ठी मागतात. रोख पाकिटात पगार घेणाऱ्या पाळकांना बँक दारात उभं करत नाही.

पगार उशिरा का होतो, तेही समजून घ्या. मे महिन्यात लोक गावी जातात, जुलै-ऑगस्टच्या पावसात हजेरी घटते, दानार्पण खाली येतं आणि खजिनदार पहिली कात्री पगारालाच लावतात, कारण वीजमंडळ थांबत नाही आणि पाळक थांबतात. यावर उपाय एकच, तीन महिन्यांच्या पगाराएवढी राखीव ठेव. हंगामाच्या सणात अर्पण केलेल्या वस्तूंचा लिलाव आणि नाताळचं खास दान या दोन वेळी हातात पैसा असतो. त्यातला ठरलेला भाग, समजा चौथा हिस्सा, सरळ त्या ठेवीत टाका. दोन-तीन वर्षांत ठेव उभी राहते. ही ठेव रंगकामाला वापरायची नाही, असा ठरावच लिहून ठेवा.

स्वतंत्र मंडळ्यांसाठी एक कळकळीची सूचना. पाळकांच्या वैयक्तिक खात्यात दशांश, म्हणजे लोकांनी दिलेला उत्पन्नाचा दहावा भाग, जमा होत असेल तर ते आजच थांबवा. त्यात पाळकांचाच घात असतो. घरखर्च आणि मंडळीचा खर्च एकाच खात्यातून झाला की उद्या कोणीही बोट दाखवू शकतो आणि हिशेब देता येत नाही. ट्रस्ट नोंदवा, ट्रस्टचं खातं उघडा, पगाराचा ठराव करा. पाळक स्वतः विश्वस्त असतील तर त्यांचा मोबदला कसा दाखवायचा ते सी.ए.कडून लिहून घ्या.

पायरी ३ : घर

पार्सोनेज असेल तर एप्रिलमध्ये, वळीव येण्याआधी, प्लंबर आणि गवंडी घेऊन फेरी मारा. गच्चीचे आणि पन्हळींचे सांधे, भिंतीतली ओल, संडासाचा पाइप, जुनं वायरिंग, पाण्याची टाकी, खिडक्यांच्या जाळ्या, हे सगळं तपासा. जूनमध्ये छत गळायला लागल्यावर गवंडी मिळत नाही. पाळकांना ५,००० रुपयांपर्यंतची दुरुस्ती न विचारता करण्याची मुभा द्या, बिल नंतर घ्या. नळ बदलण्यासाठी दोन बैठका वाट पाहायला लावणं चांगलं नाही.

आवाराच्या आत राहणाऱ्या कुटुंबाला दार लावता येत नाही. हॉलची किल्ली हवी, खुर्च्या हव्यात, दाखला हवा, थंड पाणी हवं, सगळ्यांची घंटा पार्सोनेजचीच वाजते. किल्ल्यांचा जुडगा चौकीदाराकडे किंवा ऑफिसात ठेवा. दाखल्यांसाठी ऑफिसची वेळ ठरवा, उदाहरणार्थ मंगळवार आणि शुक्रवार संध्याकाळी ५ ते ७. कमिटीच्या बैठका पाळकांच्या दिवाणखान्यात घेऊ नका. बारावीचा अभ्यास करणाऱ्या मुलीने आतल्या खोलीत बसून बाहेरचे वाद ऐकत राहावं, अशी वेळ तिच्यावर आणायला नको.

भाड्याचं घर घेऊन देत असाल तर लिव्ह अँड लायसन्सचा करार ट्रस्टच्या नावाने करा, अनामत ट्रस्टनेच भरावी आणि नोंदणी नक्की करावी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार ती बंधनकारक आहे. घरमालकाला ‘कुटुंब राहील’ एवढंच सांगून मग तिथे चाळीस जणांची प्रार्थनासभा भरवू नका. सोसायटीत तक्रार झाली की घर सोडावं लागतं ते पाळकांच्या बायकामुलांना.

पायरी ४ : वेळ

आठवड्यातून एक पूर्ण सुट्टी. बहुतेकांना सोमवार सोयीचा पडतो, कारण रविवारी दोन उपासना, बैठका आणि संध्याकाळच्या भेटी झालेल्या असतात. पण सुट्टी जाहीर केली म्हणून मिळत नाही. फोन कोण उचलणार ते ठरलं तरच ती मिळते.

फोनचे दोन भाग करा. मृत्यू, अपघात, अतिदक्षता विभागातला पेशंट, जिवाला धोका असलेला माणूस यांच्यासाठी पाळकांना केव्हाही फोन करावा, मध्यरात्रीही. बाप्तिस्म्याचा दाखला, शाळेसाठी पत्र, लग्नाची तारीख, रविवारची सूचना या गोष्टी सेक्रेटरींकडे. सोमवारचा पहिला फोन आळीपाळीने मंडळीतल्या एका वडिलांकडे (एल्डरकडे) द्या. त्यांनी ऐकून ठरवावं की पाळकांना कळवायचं की उद्यापर्यंत थांबायचं. नावं आणि नंबर रविवारच्या पत्रकात छापा. पहिले दोन महिने लोक नाराज होतील, पाळकांनाच थेट फोन करतील. अशा वेळी पाळकांनी नव्हे, कमिटीच्या सदस्यांनी उभं राहून समजावायचं असतं.

सोमवारी दफनविधी आला तर सुट्टी त्याच आठवड्यात दुसऱ्या दिवशी द्या. दफनविधी म्हणजे दीड तासाची उपासना नव्हे. हॉस्पिटलमध्ये शेवटची प्रार्थना, मग घरी, मग चर्च, मग दफनभूमी, मग पुन्हा त्या घरी. सकाळी सहाला निघालेला माणूस रात्री आठला परततो, आणि इतरांच्या रडण्यात स्वतःचं रडू दाबून ठेवलेलं असतं. एका आठवड्यात दोन दफनविधी झाले तर त्या रविवारचं प्रवचन दुसऱ्या कोणी करावं, असा नियमच ठेवा.

वर्षातल्या जड महिन्यांचा आराखडा जानेवारीत करा. उपवासकाळात घरोघरच्या प्रार्थना चालू असतात. झावळ्यांच्या रविवारपासून पुनरुत्थानाच्या पहाटेपर्यंत रोज उपासना. त्यात उत्तम शुक्रवारी दुपारी १२ ते ३ येशूच्या क्रुसावरच्या सात उद्‌गारांवर मनन. सातही उद्‌गार एकट्या पाळकांकडे देऊ नका, सात वेगळ्या व्यक्तींना वाटा. डिसेंबरमध्ये रात्री उशिरापर्यंत कॅरल, शब्बाथशाळेचा नाताळ, २४ ची रात्र, २५ ची सकाळ आणि ३१ ची वॉचनाइट, म्हणजे वर्षाअखेरच्या रात्रीची उपासना. या दोन हंगामांनंतरचा रविवार पाळकांना मोकळा द्या, आणि तो आधीच कॅलेंडरवर लिहा.

बदली वक्ता कुठून आणायचा, हा प्रश्न पुण्यात तरी अडू नये. बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी ही पाळकांना शिक्षण देणारी संस्था आहे. १९८३ मध्ये ती यवतमाळहून इथे आली. तिथले प्राध्यापक आणि वरच्या वर्गांतले विद्यार्थी आहेत, शहरात निवृत्त पाळक आहेत आणि मंडळीतले प्रवचन करू शकणारे वडील आहेत. चार नावांची यादी आणि प्रत्येकाच्या मानधनाची तरतूद ठेवा. वर्षाची रजा सलग घेऊ द्या. त्यात निदान दोन रविवार जोडून यावेत. एकाच रविवारची रजा दिली तर माणूस गावी पोचतो न पोचतो तोच परतीच्या तयारीला लागतो.

भेटींचंही गणित मांडा. १५० कुटुंबं असतील आणि पाळक आठवड्याला चार घरी जाऊ शकत असतील, तर एक फेरी पूर्ण व्हायला ३८ आठवडे लागतात. म्हणजे ‘पाळक आमच्याकडे फिरकलेच नाहीत’ ही तक्रार होणारच. उपाय बायबलमधल्या निर्गमाच्या अठराव्या अध्यायात सासरा इथ्रोने मोशेला सांगून ठेवला आहे. भाग पाडा, प्रत्येक भागावर माणसं नेमा आणि जड प्रकरणंच वर येऊ द्या. पुण्यासारख्या पसरलेल्या शहरात दहा-पंधरा घरांमागे एक वडील किंवा भगिनी मंडळातली एक बाई नेमली तर आजारी माणसाची खबर दुसऱ्या दिवशी लागते.

पायरी ५ : पाळकीणबाई आणि मुलं

या पायरीवर घाई करू नका.

पाळकांची नेमणूक होते तेव्हा त्यांच्या पत्नीची नेमणूक झालेली नसते. तरीही भगिनी मंडळाचं अध्यक्षपद, शब्बाथशाळा, कोयरची तालीम, पाहुण्यांचा स्वयंपाक, हे सगळं त्यांच्या अंगावर येतं, विनामोबदला आणि न विचारता. नवीन पाळक येतात तेव्हा त्या तिघांच्या गटातल्या बाईंनी पाळकीणबाईंना एवढंच विचारावं, ‘तुम्हाला मंडळीत काय करायला आवडेल? काही न करणंही चालेल.’ हे शेवटचं वाक्य मनापासून म्हणा. त्या नोकरी करत असतील, शिकवण्या घेत असतील, सासूबाईंची शुश्रूषा करत असतील. आधीच्या पाळकीणबाई काय काय करायच्या, याची यादी त्यांना ऐकवू नका. पाळक स्वतः स्त्री असतील, सी.एन.आय.मध्ये तशा आहेत, तर हाच विचार त्यांच्या पतीबाबत करा.

वरकड जेवणावळींचा खर्चही त्यांच्याच स्वयंपाकघरातून जातो. बाहेरगावचे वक्ते, पाहुणे, सभेनंतर थांबलेले लोक. दर पाहुण्यामागे ठरलेली रक्कम ‘आतिथ्य’ या नावाखाली द्या, किंवा पाहुण्यांना डबा मंडळीतल्या घरांतून पाठवा.

मुलांच्या बाबतीत काय टाळायचं ते आधी पाहू. ‘पाळकांचा मुलगा असून असं वागतोस?’ हे वाक्य मंडळीत कोणीही म्हणू नये. मुलांकरवी निरोप पाठवू नका. त्यांचे मार्क, कपडे, मित्रमैत्रिणी यांची चर्चा उपासनेनंतर अंगणात करू नका. प्रत्येक नाटकात, प्रत्येक वचनपाठांतरात त्यांना गृहीत धरू नका. एखाद्या किशोरवयीन मुलाला काही दिवस मागच्या बाकावर बसायचं असेल तर बसू द्या. वडिलांना लोकांनी बोललेलं ज्याने घरात ऐकलेलं असतं, त्याला चर्चची पायरी चढणं जड जातं. मग मंडळीबाहेरच्या दोन भल्या माणसांशी, शिक्षकांशी किंवा खेळाच्या प्रशिक्षकांशी त्याचं नातं असू द्यावं.

बदली हा या घरावरचा सर्वांत मोठा ताण. त्यासाठी कमिटीने तीन कामं करावीत. पहिलं, मूल दहावीत किंवा बारावीत असेल तर बदल्यांचा विचार सुरू होण्याआधी, म्हणजे वर्ष संपण्याच्या बरंच आधी, बिशपांना लेखी विनंती पाठवावी. पाळकांनी स्वतः विनंती करणं त्यांना अवघड जातं, कमिटीचं पत्र जड पडतं. दुसरं, स्थलांतर मे महिन्यात व्हावं, कारण आपल्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात. शाळा सोडल्याचा दाखला, गॅस कनेक्शन, आधार आणि रेशनकार्डवरचा पत्ता यांसाठी मंडळीतला एक तरुण पंधरा दिवस सोबत द्या. ट्रकचं भाडं आणि हमाली कोण देणार, जुनी मंडळी की नवी की डायोसिस (बिशपांच्या अखत्यारीतला विभाग), हे ट्रक दारात येण्याआधी लेखी ठरवा. तिसरं, नव्या ठिकाणी पहिला आठवडा डबा द्या, पण आधी पथ्य विचारा. आणि पहिल्या महिन्यात रोज एका घरी जेवणाचं आमंत्रण देऊन त्यांना दमवू नका. त्यांना खोकी उघडायची असतात.

पायरी ६ : तब्येत

वर्षातून एकदा, पुनरुत्थानाच्या सणानंतरच्या पंधरवड्यात, नवराबायको दोघांची तपासणी करून घ्या. रक्तदाब, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड, क्रिएटिनिन, डोळे, आणि पाळकीणबाईंसाठी हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि स्त्रीरोगतज्ज्ञांची भेट. रिपोर्ट त्यांच्याकडेच राहतील, कमिटीला फक्त बिल दिसेल. मंडळीत डॉक्टर असले तरी तपासणी बाहेरच्या डॉक्टरांकडे व्हावी, म्हणजे संकोच राहत नाही.

मधुमेहाची एक वाट आपणच तयार करतो. संध्याकाळी चार घरांत भेट म्हणजे चार कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, वर बिस्किटं किंवा केक. नको म्हटलं तर घर दुखावतं. पुलपिटावरून कमिटीने एकदा जाहीर करावं की भेटीत पाणी दिलं तरी पुरे.

विमा पूर्ण कुटुंबाचा घ्या, फक्त पाळकांचा नव्हे. पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलांचा खर्च पाहता ५ लाखांच्या खालचं संरक्षण अपुरं पडतं. आधीपासूनच्या आजारांसाठी जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा प्रतीक्षाकाळ असू शकतो. म्हणून विमा लवकर घ्यावा आणि फॉर्मवर रक्तदाब, साखर लपवू नये. लपवलेलं दाव्याच्या वेळी नेमकं बाहेर येतं. बदली झाली तरी तीच पॉलिसी पुढे चालू राहावी, नवी मंडळी नवी पॉलिसी घेईल तर प्रतीक्षाकाळ पुन्हा सुरू होऊ शकतो. पाळकांचे आईवडील ७० च्या पुढचे असतील तर त्यांना उत्पन्नाची अट न लागता आयुष्मान भारतचं ५ लाखांचं कार्ड निघतं. ते काढून द्या.

रोज दुचाकीवर फिरणाऱ्या माणसासाठी दोन सरकारी योजना फार स्वस्त आहेत. पंतप्रधान सुरक्षा विमा योजना वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघाती विमा देते (वय १८ ते ७०), आणि जीवनज्योती विमा योजना ४३६ रुपयांत २ लाखांचा जीवन विमा (वय १८ ते ५०). दोन्हींचं वर्ष १ जूनला सुरू होतं, त्यामुळे मेच्या शेवटी खात्यात तेवढी शिल्लक हवी. नसेल तर हप्ता कापला जात नाही आणि विमा गुपचूप बंद पडतो. हे पुरेसं नाही, वर टर्म विमा हवाच, पण एवढं तर याच आठवड्यात करता येईल.

पायरी ७ : मन

झोप उडणं, तयारी न करता पुलपिटावर जाणं, जुनी प्रवचनं पुन्हा काढणं, लोकांच्या भेटी टाळणं, लहानसहान गोष्टीवर घरात चिडणं, प्रार्थना नकोशी वाटणं, हे दोन-तीन आठवडे टिकलं तर थकव्याच्या पुढची गोष्ट समजावी. ‘विश्वास कमी पडतोय’ असं कोणी म्हणू नये. बायबलमधला संदेष्टा एलीया रानात झुडपाखाली मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. आधी झोपू दिलं, भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं.

पाळकांना मन मोकळं करायला मंडळीबाहेरचा माणूस हवा. दुसऱ्या पंथाचे ज्येष्ठ पाळक, सेमिनरीतले जुने गुरू किंवा प्रशिक्षित समुपदेशक. खर्चाची रीत महत्त्वाची आहे. बिल मागितलं तर नाव उघड होतं, म्हणून दोघांसाठी वर्षाला ठरावीक रक्कम ‘वैयक्तिक आरोग्य’ या नावाने, बिलाशिवाय द्या. सहा-आठ भेटींना पुरेल एवढी असावी. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं आणि नाव सांगावं लागत नाही. ससूनमध्ये मनोविकार विभाग आहे. पार्सोनेजच्या फोनजवळ, पाळकीणबाईंनाही दिसेल असा हा नंबर लावा. जगावंसं वाटत नाही असं कोणी बोललं तर त्या व्यक्तीला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, रविवारची व्यवस्था मागून होईल.

इथे एक सीमा स्पष्ट ठेवा. काळजी घेणं म्हणजे झाकणं नव्हे. घरात मारहाण होत असेल तर पाळकीणबाईंची सुरक्षितता आधी, महिलांसाठी १८१ वर मदत मिळते. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. कमिटीत ‘आपसात मिटवू’ म्हणण्याची मुभाच नाही.

पायरी ८ : तक्रारींची वाट

तक्रारी असतातच, आणि काही योग्यही असतात. त्या पोचतात कशा यावर पाळकांचं घर टिकतं किंवा मोडतं. रविवारी उपासनेनंतर दारात तक्रार नको. माणूस त्या वेळी रिता झालेला असतो. निनावी पत्र वाचू नका, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चर्चा होऊ देऊ नका. लेखी, सहीसह, सेक्रेटरींकडे, आणि दोन सदस्यांनी आधी तक्रारदाराला व मग पाळकांना भेटायचं, पंधरा दिवसांच्या आत. वडिलांवरचा आरोप दोन-तीन साक्षीदारांवाचून घेऊ नये, हे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आहेच. पैशांची तक्रार असेल तर भावना बाजूला ठेवून हिशेबतपासनीसाकडे द्या. निर्दोष पाळकांनाही त्याचाच आधार मिळतो.

पायरी ९ : निवृत्ती, आणि त्याआधी मृत्यू

आयुष्यभर पार्सोनेजमध्ये राहिलेल्या माणसाकडे निवृत्तीच्या दिवशी घर नसतं. हे साठाव्या वर्षी सुचून उपयोग नाही. पाळक पस्तिशीत असतानाच सुरुवात करा. महिन्याला २,००० रुपये पी.पी.एफ.मध्ये टाकले, मुदत १५ वर्षांनंतर पाच-पाच वर्षांनी दोनदा वाढवली आणि एप्रिल २०२० पासून असलेला ७.१ टक्के दर तसाच राहिला, तर २५ वर्षांनी साधारण १५ ते १६ लाख रुपये होतात. पुण्यात घर येणार नाही, पण गावाकडे दोन खोल्या होतील. चाळिशीच्या आतल्या आणि आयकर न भरणाऱ्या पाळकांना आणि पाळकीणबाईंना अटल पेन्शन योजना घेता येते, साठीनंतर महिना १,००० ते ५,००० रुपये मिळतात.

ज्यांचा पी.एफ. कापला जातो त्यांनी तो खरोखर भरला जातो का, हे यू.ए.एन. पासबुकात दर तीन महिन्यांनी स्वतः पाहावं. चिठ्ठीवर कपात दिसणं आणि खात्यात जमा होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शेवटचा ठराव बहुतेक मंडळ्या करत नाहीत, आणि मग दुःखाच्या घरात घाईने वाद होतो. सेवेत असताना पाळकांचा मृत्यू झाला तर पार्सोनेज रिकामं करण्याची नोटीस कुटुंबाला किती दिवसांनी? ठराव आजच करा: निदान सहा महिने घर, तितकेच महिने पूर्ण पगार, चालू शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत मुलांची फी, आणि पुढच्या घराची अनामत मंडळीकडून. घर डायोसिसचं असेल तर बिशपांची लेखी संमती घेऊन ती ठरावाला जोडा. त्याच बैठकीत पाळकांकडून बँक खातं, विमा, पी.एफ. आणि पी.पी.एफ. या चारही ठिकाणी नॉमिनीचं नाव भरलेलं आहे का ते विचारा. लग्नाआधी उघडलेल्या खात्यांवर बऱ्याचदा अजून आईचंच नाव असतं.